ए-२ नंतरचं जर्मन: मराठीचा हात धरा

जर्मनच्या पहिल्या दोन पायऱ्या, ए-१ आणि ए-२, पार करून बी-१च्या वर्गात आलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: स्वाध्याय बरोबर येतात, नियम विचारला तर सांगता येतो, पण कुणी समोर येऊन जर्मनमध्ये बोललं की वाक्य जुळत नाही. याच टप्प्यावर बरेच जण भाषा सोडून देतात आणि ते मला फार लागतं, कारण अडचण त्यांच्या बुद्धीत नसते. गोएथे इन्स्टिट्यूटच्या शब्दयाद्यांत ए-१ साठी सुमारे ६५०, ए-२ साठी १३०० आणि बी-१ साठी २४०० शब्द आहेत. शब्दसंग्रह जवळजवळ दुप्पट होतो आणि त्याच वेळी गौण वाक्यं, संबंधी सर्वनामं, कर्मणी प्रयोग, संकेतार्थ हे सगळं एकदम अंगावर येतं. त्यातून आपण हे सगळं इंग्रजीच्या वाटेने शिकतो. पुस्तकातला अर्थ इंग्रजीत, मनातलं वाक्य इंग्रजीत आणि मग त्याचं जर्मन. मराठी घरातल्या विद्यार्थ्यासाठी हा लांबचा वळसा आहे. ए-२ नंतर तो सोडून थेट मराठीतून जर्मनमध्ये जा, हे मला या लेखात पटवून द्यायचं आहे.

पुढची जर्मन वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. शब्दाच्या शेवटचा 'अं' आपल्या 'केलं, गेलं'मधल्यासारखा म्हणा. 'इश' म्हणजे 'मी'. त्यातला श मऊ आहे, श आणि ह यांच्या मधला. 'श्योन' किंवा 'फ्यूर'मधले स्वर लिपीत नीट उतरत नाहीत. ओठांचा 'ओ'सारखा चंबू करून आत 'ए' म्हटलं की पहिला स्वर मिळतो. ओठ 'उ'चे ठेवून 'ई' म्हटलं की दुसरा. बाकी उच्चार कानांनीच शिकायचा.

आधी क्रियापदाची जागा, कारण बी-१चा निम्मा गुंता तिथे आहे. 'वाइल' (कारण), 'डास' (की), 'ओप' (की नाही), 'ओप्वोल' (जरी) यांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं. हे अवघड असं वर्गात सांगितलं जातं, ते इंग्रजी डोक्यात असणाऱ्याला अवघड असतं. 'वाइल इश हॉयटं काइनं त्साइट हाबं' हे वाक्य पाहा. कारण, मी, आज, नसलेला वेळ आणि शेवटी क्रियापद. 'कारण मला आज वेळ नाही' याच क्रमाने ते चाललं आहे. इथे मनातलं मराठी वाक्य तसंच ठेवून शब्द बदलत गेलात तरी क्रम चुकत नाही.

अडखळायला होतं ते प्रधान वाक्यात, कारण तिथे क्रियापद दुसऱ्या जागेवर हवं. 'आज मी बसने ऑफिसला गेलो' याचं जर्मन: 'हॉयटं बिन इश मिट डेम बुस इन्स ब्यूरो गेफारन'. 'आज' पहिल्या जागेवर आलं, म्हणून सहायक क्रियापद 'बिन' लगेच दुसऱ्या जागेवर आणि कर्ता 'इश' त्याच्या मागे. त्यापुढचं सगळं मराठी आहे: बसने, ऑफिसला, गेलो. 'गेफारन' अगदी 'गेलो'च्या जागी बसलं आहे. आधी वेळ, मग कसं, मग कुठे, हा पाठ्यपुस्तकात चौकट करून दिलेला क्रमही आपण रोज न शिकता वापरतो.

यासाठी एक सराव सुचवते. दिवसभरात केलेल्या कामांची पाच मराठी वाक्यं रात्री मोठ्याने म्हणा. प्रत्येक वाक्य वेगळ्या शब्दाने सुरू करा: कधी 'काल', कधी 'पुण्यात', कधी 'आईबरोबर'. मग जर्मनमध्ये म्हणताना फक्त एक गोष्ट हलवायची, सहायक क्रियापद दुसऱ्या जागेवर आणायचं. लिहायचं नाही, तोंडानेच. लिहिताना खोडता येतं आणि त्या सवयीने बोलणं मंदावतं. महिनाभरात तुमचं प्रत्येक वाक्य 'इश'ने सुरू होणं थांबेल. ते थांबलं की ऐकणाऱ्यालाही फरक लगेच जाणवतो.

गौण वाक्य आधी आलं तर ते आख्खं वाक्य पहिली जागा घेतं. म्हणून 'ओप्वोल एस रेग्नेटं, बिन इश गेगांगन' (पाऊस पडत होता तरी मी गेलो) यात स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापदं एकमेकांना भेटतात. ती भेटली नाहीत तर वाक्य चुकलं, ही खूण परीक्षेत फार उपयोगी पडते. याच अर्थाचा 'ट्रोट्सडेम' (तरीही) मात्र गौण वाक्य करत नाही. तो स्वतः पहिल्या जागेवर बसतो आणि क्रियापद त्याच्या मागे येतं. 'वाइल' आणि 'डेसहाल्प' (म्हणून) यांची जोडीही तशीच. या जोड्या एकत्रच पाठ करा.

संबंधी सर्वनामांना घाबरणाऱ्यांना तर मी इंग्रजी पूर्ण विसरायला सांगते. आपल्याकडे 'जो' आहे आणि तो विभक्तीप्रमाणे बदलतो: जो, ज्याला, ज्याच्याबरोबर, ज्याचा. जर्मनमध्येही तसंच. 'जो माणूस तिथे उभा आहे' यात 'डेर', 'ज्याला मी काल पाहिलं' यात 'डेन', 'ज्याच्याबरोबर मी काम करतो' यात 'मिट डेम', आणि 'ज्याचा मुलगा जर्मनीत आहे' यात 'डेसन'. सर्वनामाचं लिंग मागच्या नामावरून आणि विभक्ती गौण वाक्यातल्या कामावरून ठरते. मराठी माणूस हा नियम शाळेत जायच्या आधीपासून पाळत आलेला असतो.

विभक्तीच्या बाबतीत मात्र मराठी अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देते. शाळेतला तक्ता आठवा: द्वितीया आणि चतुर्थी या दोन्हींचे प्रत्यय 'स, ला, ते'. 'त्याला पाहिलं' आणि 'त्याला दिलं' यांत आपल्या कानाला काहीच फरक नाही. जर्मनमध्ये पहिलं 'ईन', दुसरं 'ईम'. त्यामुळे प्रत्येक 'ला' ऐकताच आपला विद्यार्थी नाणेफेक केल्यासारखं काहीतरी म्हणून मोकळा होतो.

यावर एक ढोबळ पण कामाची कसोटी आहे. मराठी क्रियापदात एखादं नाम आधीच कर्म होऊन बसलं असेल, तर जर्मनमध्ये त्या व्यक्तीला बहुधा चतुर्थी लागते. मदत करणं, उत्तर देणं, आभार मानणं, अभिनंदन करणं, विश्वास ठेवणं: मदत, उत्तर, आभार यांनी कर्माची जागा घेतली आहे, म्हणून माणूस चतुर्थीत. 'हेल्फन, आंटवॉर्टन, डांकन, ग्राटुलीरन, ग्लाउबन' ही सगळी चतुर्थीचीच क्रियापदं. दोन अपवाद आताच लिहून ठेवा, कारण ते रोज लागतात: फोन करणं ('आनरूफन') आणि विचारणं ('फ्रागन') यांना द्वितीया लागते.

आणि मग ती मोठी सोय, जी इंग्रजीतून शिकणाऱ्याला दिसतच नाही. 'मला थंडी वाजते' म्हणताना आपण कर्त्याला चतुर्थीत ठेवतो. जर्मनही म्हणते 'मिअर इस्ट काल्ट'. मळमळतंय: 'मिअर इस्ट श्लेश्ट'. मला हा ड्रेस आवडला: 'डास क्लाइट गेफेल्ट मिअर'. मला नाव आठवत नाहीये: 'मिअर फेल्ट डेर नामं निश्ट आइन'. इंग्रजीच्या धाकाने 'इश बिन काल्ट' म्हणणाऱ्याने एकदा मनात मराठी वाक्य म्हणून पाहावं. अर्थात सगळीकडे हे चालत नाही. 'मला भूक लागली' हे 'इश हाबं हुंगर' आहे आणि 'मला माहीत आहे' हे 'इश वाइस'. अशा अपवादांची यादी छोटी आहे, स्वतःच तयार करा.

जिथे मराठी अजिबात मदत करत नाही ती जागा म्हणजे 'इन, आन, आउफ' इत्यादी नऊ शब्दयोगी, जे कधी द्वितीया घेतात, कधी चतुर्थी. आपण 'स्वयंपाकघरात जातो' आणि 'स्वयंपाकघरात आहे' दोन्हीकडे 'त'च लावतो. जर्मनमध्ये 'इन डी क्यूशं' आणि 'इन डेर क्यूशं' असे दोन प्रकार होतात. 'हालचाल असेल तर द्वितीया' हा नियम अपुरा शिकवला जातो. बागेतल्या बागेत धावणाऱ्याची हालचाल होतेच, तरी 'इश लाउफं इम पार्क' चतुर्थीच आहे. धावत बागेत शिरलात तर 'इन डेन पार्क'. विचारायचा प्रश्न असा: क्रियेमुळे जागा बदलली का?

लिंगाच्या बाबतीत मराठीची तीन लिंगं असणं एवढाच फायदा. जोड्या जुळतीलच असं नाही. सूर्य आपल्याकडे पुल्लिंगी, 'झोनं' तिकडे स्त्रीलिंगी. शेवटाकडे पाहायची सवय लावा: 'उंग, हाइट, काइट, शाफ्ट, त्सिओन'ने संपणारे स्त्रीलिंगी, 'शन'ने लहानपण दाखवणारे नपुंसकलिंगी. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या शब्दाचं. विशेषणांच्या प्रत्ययांचे तक्ते भिंतीवर लावू नका. 'डेर' किंवा 'आइन' यांच्यासारखा शब्द आधी असेल, तर चतुर्थी, षष्ठी आणि अनेकवचन या सगळ्यांत विशेषणाला फक्त 'अन' लागतो. एवढं कळलं की घोकण्यासारखी रूपं मोजकीच उरतात.

भूतकाळासाठी बोलताना 'हाबन' किंवा 'झाइन'सह येणारं पूर्ण रूपच वापरा. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये तर बोलण्यात जवळजवळ तेच ऐकू येतं. फक्त 'वार' (होतो), 'हाटं' (जवळ होतं), 'कॉन्टं' (शकलो), 'मुस्टं' (करावं लागलं) अशी नेहमीची रूपं साध्या भूतकाळात म्हणा.

संकेतार्थ आपल्याकडे शाळेत शिकवला जातो. 'मला वेळ असता तर मी आलो असतो' याचं जर्मन रूप 'वेन इश त्साइट गेहाप्ट हेटं, वेरं इश गेकॉमन' हे 'असता' आणि 'असतो'च्या आधारावर समजून घ्या, म्हणजे 'हेटं' आणि 'वेरं' यांची जागा आपोआप कळते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोजचा सभ्यपणा याच रूपावर उभा आहे. बेकरीत 'इश विल' (मला हवंच) म्हटलं तर पाव मिळेल, पण कानाला टोचेल. 'इश हेटं गेर्न त्स्वाय ब्र्योटशन' म्हणायचं. मग विचारलं जातं 'झोन्स्ट नॉख एटवास?' (आणखी काही?). एवढंच हवं असेल तर 'डास वेर्स'. उपाहारगृहात बिलाच्या वेळी 'त्सुझामन ओडर गेट्रेंट?' म्हणजे एकत्र की वेगवेगळं, आणि बाकीचे पैसे ठेवा म्हणायचं तर 'श्टिम्ट झो'. ही वाक्यं व्याकरण सोडवत बसण्याची नाहीत, सबंध तुकडा म्हणून तोंडात बसवायची.

संभाषणाला जिवंतपणा येतो तो छोट्या शब्दांनी. 'माल, डॉख, या, डेन, हाल्ट' यांचा शब्दकोशातला अर्थ वाचून काही कळत नाही आणि इंग्रजीत त्यांना जोड नाही. पण ज्या भाषेत 'जरा, ना, की, बरं, तर' यांच्याशिवाय कुणी बोलत नाही, त्या भाषेतल्या माणसाला ते का अवघड जावेत? 'कॉम माल हेअर' म्हणजे जरा इकडे ये. 'कॉम डॉख मिट' म्हणजे चल ना आमच्याबरोबर. 'डास इस्ट या श्योन' म्हणजे अरे, छान आहे की हे. 'वास माख्स्ट डू डेन डा?' म्हणजे काय चाललंय काय तुझं? 'झो इस्ट डास हाल्ट' म्हणजे आता असंच असतं ते. कुणी 'तू येणार नाहीस?' असं नकारात विचारलं आणि तुम्ही येणार असाल, तर 'या' म्हणू नका, 'डॉख!' म्हणा, 'येणार की!' आठवड्याला एकच असा शब्द घ्या आणि तो प्रत्येक बोलण्यात वापरून पाहा. पाच-सहा आठवड्यांत तुमचं जर्मन पुस्तकी वाटणं कमी होईल.

ऐकणाऱ्याची भूमिकाही शिकावी लागते. समोरचा बोलत असताना आपण 'हो का', 'बरोबर', 'अच्छा' म्हणत राहतो. तिकडे 'गेनाउ', 'आख झो', 'श्टिम्ट', 'एश्ट?' म्हणतात. विद्यार्थी अचूक वाक्य जुळवण्याच्या नादात गप्प राहतो आणि समोरच्याला वाटतं याला काही कळत नाहीये. मग तो इंग्रजीत बोलू लागतो. असं झालं तर शांतपणे सांगा: 'क्योनन वीअर बिटं डॉइच श्प्रेशन? इश म्योश्टं यूबन.' मला सराव करायचाय, हे ऐकल्यावर बहुतेक माणसं आनंदाने सावकाश बोलतात.

'डू' आणि 'झी' यांत आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'वर पूर्ण विसंबू नका. घरात आजी-आजोबांनाही 'डू'च. उलट दुकानातला विशीतला मुलगा अनोळखी आहे म्हणून त्याला 'झी'. एकेरीवर यायचा प्रस्ताव वयाने किंवा हुद्द्याने मोठा असलेल्याने मांडायचा असतो, तो येईपर्यंत थांबावं.

फोन हा सगळ्यांत कठीण प्रकार, कारण चेहरा दिसत नाही. डॉक्टरकडे वेळ घ्यायची तर आधी आडनाव: 'गुटन टाग, हिअर इस्ट कुलकर्णी, इश हेटं गेर्न आइनन टेर्मीन.' पलीकडून वेळ आली 'हाल्प ड्राय', तर ते अडीच आहेत, साडेतीन नव्हेत. पूर्व आणि दक्षिण जर्मनीत 'फिर्टल ड्राय' म्हणजे सव्वादोन आणि 'ड्रायफिर्टल ड्राय' म्हणजे पावणेतीन, हेही ठाऊक असू द्या. आकडे लिहून घेताना मराठी डोक्यात ठेवा: 'फ्युन्फ उंट ड्राइसिश' हे 'पस्तीस'सारखं एककापासून सुरू होतं. नीट कळलं नाही तर 'वी बिटं?' एकदाच म्हणा. दुसऱ्यांदा, जेवढं कळलं तेवढं स्वतः म्हणून दाखवा: 'आल्झो आम डीन्स्टाग उम हाल्प ड्राय?' (म्हणजे मंगळवारी अडीचला ना?) समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. शेवटी 'आउफ वीडरह्योरन'. भेटीत जो निरोप 'वीडरझेहन'ने घेतात, तो फोनवर 'वीडरह्योरन'ने.

कान तयार करायला डॉइच वेलं या जर्मन प्रसारण संस्थेचं विनामूल्य साहित्य पुरेसं आहे. 'निकोस वेग' ही ए-१ ते बी-१ची व्हिडिओमालिका आहे. 'लांगझाम गेश्प्रोखनं नाखरिश्टन' या सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासह मिळतात. त्या ऐकण्याची पद्धत महत्त्वाची: आधी मजकूर न पाहता एक बातमी ऐका, मग पाहून, मग निवेदकाच्या अर्धा शब्द मागे राहून त्याच्याबरोबर म्हणत जा. एका बातमीवर पंधरा मिनिटं घालवणं हे एका तासात वीस बातम्या कानावरून जाऊ देण्यापेक्षा फलदायी आहे. रस्त्यावरची खरी बोली ऐकायला 'इझी जर्मन' या यूट्यूब वाहिनीवरच्या मुलाखती पाहा. तिथे 'हाबं इश'चं 'हाब इश' आणि 'निश्ट'चं 'निश' होताना ऐकू येईल. 'वाइल'नंतर क्रियापद दुसऱ्या जागेवर ठेवणारेही भेटतील. ते ऐकून समजून घ्या, परीक्षेत लिहू नका. वाचनासाठी बी-१ पूर्ण झाल्यावर वोल्फगांग हेर्नडॉर्फ यांची २०१० सालची 'चिक' ही कादंबरी घ्या. एका चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडची ती गोष्ट असल्याने वाक्यं बोलण्यातली आहेत.

कुठे जाणार हे ठरलं असेल तर तिथल्या बोलीचीही ओळख करून घ्या. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून आपल्याकडच्या अनेकांची नजर श्टुटगार्टकडे आहे. तिथली श्वाबी बोली 'निश्ट'ला 'नेट' म्हणते, शब्दांच्या शेवटी लाडाने 'लं' लावते, आणि पावाला 'वेकलं' म्हणते. बव्हेरियात तोच पाव 'झेमल', बर्लिनमध्ये 'श्रिपं'. बोलायची गरज नाही, ओळखता आली तरी पहिले काही आठवडे सोपे जातात.

परीक्षेचं थोडक्यात. जर्मन नागरिकत्वासाठी बी-१ लागते, परिचर्येच्या व्यवसायाला मान्यता मिळवायला साधारण बी-२. गोएथेच्या बी-१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग आहेत. प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण हवेत आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. त्यामुळे चारही भागांची तयारी एकदम पूर्ण होईपर्यंत वर्ष-वर्ष थांबू नका. संभाषणाची परीक्षा जोडीने होते. पाठ केलेलं सादरीकरण बहुतेकांना जमतं. गुण जातात ते पहिल्या भागात, जिथे जोडीदाराबरोबर काहीतरी ठरवायचं असतं. त्यासाठी वर्गातल्या एका मैत्रिणीला किंवा मित्राला धरा आणि आठवड्यातून दोनदा फोनवर दहा मिनिटं एखादी गोष्ट जर्मनमध्ये खरोखर ठरवा: रविवारी कुठे जायचं, कुणी काय आणायचं. 'वी वेरं एस, वेन...' (असं केलं तर कसं होईल) याने सुचवायचं, 'गूटं इडे, आबर...'ने हरकत घ्यायची, 'आइनफरश्टांडन' म्हणून पक्कं करायचं. आणि जे ठरलं असेल त्याप्रमाणे रविवारी खरंच जायचं.